फ्लास्कवरून जँगो ५.२ वर: छोट्या मराठी साइटला परवडतं का?

फ्लास्क आणि जँगो ही पायथन भाषेत वेबसाइट बांधायची दोन साधनं. फ्लास्कवर चालणारी छोटी साइट जँगोवर न्यावी का, हे एका प्रश्नावर ठरतं: साइटवर मजकूर कोण टाकतं? कोड लिहिणारा आणि मजकूर टाकणारा एकच माणूस असेल, पानं दहा-पंधरा असतील, तर फ्लास्कच राहू द्या. जँगोचा पसारा उगाच गळ्यात पडेल. पण साइट वाचनालयाची, ट्रेकिंग ग्रुपची किंवा दिवाळी अंकाची असेल, मजकूर टाकणाऱ्या चार-पाच जणांना कोडशी काही देणंघेणं नसेल आणि हाताने बनवलेलं ॲडमिनचं (मजकूर सांभाळायचं) पान दर महिन्याला नवी दुरुस्ती मागत असेल, तर खुशाल जँगो घ्या. ५ पैकी ४ गुण. एक गुण देवनागरी पत्त्यांपायी गेला, त्याबद्दल पुढे सविस्तर आहेच.

आवृत्ती ५.२ च घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळत राहणार. पायथन ३.१० किंवा त्यापुढचं चालतं. डिसेंबर २०२५ मध्ये ६.० आलं आहे, पण ते एलटीएस नाही आणि त्याला पायथन ३.१२ लागतं. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. फावल्या वेळात सांभाळल्या जाणाऱ्या साइटने त्या शर्यतीत धावू नये, एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर उडी मारावी. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये आवृत्ती ५.२ च्या मालिकेतच बांधून ठेवा.

ॲडमिन: पैसे वसूल

जँगो २००५ मध्ये बाहेर आलं ते अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीतून. बातम्या टाकणारे पत्रकार, कोड लिहिणारे दोघं-तिघं आणि हातात वेळ नाही, अशा ठिकाणी ॲडमिन जन्माला आलं. आजही त्याची खरी जमेची बाजू तीच आहे. मॉडेल (डेटाबेसच्या टेबलाचं कोडमधलं वर्णन) नोंदवून यादीत दिसणारे रकाने, शोध, गाळणी आणि तारखेची उतरंड लावायला पंधरा-वीस ओळी पुरतात. 'लेखिका मसुदा लिहू शकते, प्रकाशित फक्त संपादक करेल' असली वाटणीही ग्रुप आणि परवानग्यांमधून बरीचशी जमते. कोणी काय कधी बदललं याची नोंद आपोआप होते. फ्लास्कलाही ॲडमिनची एक्स्टेन्शन आहेत, पण लॉगिन आणि परवानग्यांचं शिवणकाम स्वतःलाच करावं लागतं.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाका. प्रत्येक मॉडेलला 'एसटीआर' पद्धत लिहा, नाहीतर यादीत नुसतं 'पोस्ट ऑब्जेक्ट (१)', 'पोस्ट ऑब्जेक्ट (२)' दिसत राहतं. आणि लेखक किंवा पुस्तक अशा मोठ्या टेबलाकडे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना) जात असेल तर 'ऑटोकम्प्लीट फील्ड्स' वापरा. साध्या ड्रॉपडाउनमध्ये हजारो नावं भरली की पान उघडताना रडतं. ऑटोकम्प्लीट चालायला समोरच्या मॉडेलच्या ॲडमिनमध्ये 'सर्च फील्ड्स' दिलेले असावे लागतात. ते विसरलं तर सिस्टीम चेकच अडवतो, त्यामुळे लपून काही राहत नाही.

डेटा: जुनी टेबलं तशीच वापरायचा मोह टाळा

जँगोत 'इन्स्पेक्टडीबी' नावाची कमांड आहे. चालू डेटाबेस वाचून ती मॉडेल लिहून देते. मग लगेच मनात येतं की हीच मॉडेल घ्यावी, पहिलं मायग्रेशन (मॉडेलप्रमाणे डेटाबेस बदलण्याची पायरी) 'फेक इनिशियल'ने झालं असं दाखवावं आणि मोकळं व्हावं. कागदावर हे झकास दिसतं, पण तीन ठिकाणी फसतं. 'फेक इनिशियल' टेबलांची नावं आहेत का एवढंच बघतं, रकाने जुळतात का ते नाही. दुसरं, पोस्टच्या टेबलातली लेखकाची फॉरेन की डेटाबेसच्या पातळीवर जुन्या 'यूजर्स' टेबलालाच बांधलेली राहते. जँगोचे यूजर नव्या टेबलात जातात आणि पहिली नवी पोस्ट टाकताना इंटिग्रिटी एरर येतो. तिसरं, एसक्यूएलअल्केमीत (फ्लास्कबरोबर सहसा वापरली जाणारी डेटाबेसची लायब्ररी) पोस्ट आणि टॅग जोडणाऱ्या टेबलाला बहुधा स्वतःचा 'आयडी' नसतो, दोन रकान्यांची मिळून एक की असते. ५.२ मध्ये अशा जोड-कीला आधार आला आहे खरा, पण तशी मॉडेल ॲडमिनमध्ये नोंदवता येत नाहीत.

छोट्या साइटला सरळ रस्ता वेगळा आहे. सेटिंग्जमध्ये दोन डेटाबेस ठेवा: 'डिफॉल्ट' हा नवा कोरा आणि 'जुना' हा फ्लास्कचा. 'इन्स्पेक्टडीबी' जुन्यावर चालवा आणि निघालेली मॉडेल एका वेगळ्या ॲपमध्ये फक्त वाचायला ठेवा. त्यांवर 'मॅनेज्ड = फॉल्स' असतंच, ते तसंच राहू द्या. नवी मॉडेल स्वतः, नीट विचार करून लिहा. मग एक मॅनेजमेंट कमांड लिहायची: जुन्यातून वाच, नव्यात लिही, सगळं एकाच 'ॲटॉमिक' (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा) ब्लॉकमध्ये. काही हजार ओळींना काही सेकंद लागतात. शिवाय ही कमांड कितीही वेळा चालवता येते. चूक दिसली की नवा डेटाबेस पुसायचा आणि पुन्हा चालवायची.

पहिलं 'मायग्रेट' करण्याआधी स्वतःचं यूजर मॉडेल करून ठेवा, सध्या त्यात एकही जादा रकाना नको असला तरी. 'ॲबस्ट्रॅक्ट यूजर'वरून रिकामा क्लास काढायचा आणि सेटिंग्जमध्ये त्याचं नाव द्यायचं, बस. मधेच बदलायला गेलात तर नाकीनऊ येतील.

कॉपी करताना आयडी जुनेच ठेवा, म्हणजे नाती जुळवत बसावं लागत नाही. नवा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर शेवटी 'एसक्यूएलसीक्वेन्सरीसेट'ने निघणारा एसक्यूएल चालवा. नाहीतर पहिली नवी पोस्ट १ हा आयडी मागते आणि 'डुप्लिकेट की' म्हणून आपटते. एसक्यूलाइटमध्ये ही भानगड नाही.

आणखी एक सापळा तारखेच्या रकान्यात आहे. 'ऑटो नाऊ ॲड' लावलेलं फील्ड तुम्ही दिलेली तारीख मुकाट्याने फेकून देतं आणि आजची टाकतं, 'बल्क क्रिएट'मध्येसुद्धा. दहा वर्षांचे लेख एका रात्रीत आजचे होतात. त्याऐवजी 'डिफॉल्ट' म्हणून 'टाइमझोन डॉट नाऊ' द्या (पुढे कंस न घालता). नव्या पोस्टला आपोआप वेळ मिळते आणि जुन्यांची जुनीच राहते.

साडेपाच तास

फ्लास्कच्या बऱ्याच छोट्या साइटांवर वेळ 'डेटटाइम डॉट नाऊ'ने साठवलेली असते. भारतीय वेळेवर लावलेल्या सर्व्हरवर ती भारतीय वेळच असते, फक्त तसा शिक्का तिच्यावर नसतो. जँगोत ५.० पासून 'यूज टीझेड' मुळातच चालू असतं आणि एसक्यूलाइटमधली बिनशिक्क्याची वेळ ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. परिणाम असा की रात्री ८ वाजता टाकलेला लेख दुसऱ्या दिवशी पहाटे १:३० चा दिसतो. नुसतं दिसण्यापुरतं असतं तर चाललंही असतं. पण पत्त्यात तारीख असेल, म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि मग शीर्षक, तर संध्याकाळी साडेसहानंतर टाकलेल्या प्रत्येक लेखाचा पत्ता बदलतो आणि जुन्या लिंका ४०४ (पान सापडत नाही) देऊ लागतात. दुपारचे लेख नीट चालतात, म्हणून वरवरच्या चाचणीत हे हाती लागत नाही.

उपाय एका ओळीचा आहे: 'जुना' डेटाबेसच्या सेटिंगमध्ये 'टाइम झोन' म्हणून 'एशिया/कोलकाता' द्या. ही सोय नेमकी स्थानिक वेळ साठवणाऱ्या परक्या डेटाबेससाठीच आहे. जुन्या कोडमध्ये 'यूटीसीनाऊ' वापरलं असेल तर मात्र हे करू नका, नाहीतर उलटा घोळ व्हायचा. दोन्ही मिसळून वापरलेले असतील, आणि तसंही आढळतं, तर रकान्यागणिक ठरवावं लागेल.

पासवर्ड रीसेट करायला लावू नका

'नवीन साइट आली, सगळ्यांनी पासवर्ड बदला' अशी ईमेल पाठवायची गरज नसते. वर्कझोइग या फ्लास्कखालच्या लायब्ररीचा जुना हॅश (पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप) पीबीकेडीएफ२ पद्धतीचा असतो: आधी पद्धत आणि फेऱ्यांची संख्या, मग डॉलरचं चिन्ह, सॉल्ट (पासवर्डात मिसळलेली यादृच्छिक अक्षरं), पुन्हा डॉलर आणि शेवटी हेक्समध्ये लिहिलेला हॅश. जँगोचं गणित तेच आहे, फक्त मांडणी वेगळी: पद्धत, फेऱ्या, सॉल्ट, हॅश, प्रत्येकाच्या मध्ये डॉलर, आणि हॅश हेक्सऐवजी बेस६४ मध्ये. म्हणजे हेक्स उलगडून बेस६४ करायचं आणि तुकडे नव्या क्रमाने जोडायचे. कोणाचाही पासवर्ड माहीत असावा लागत नाही. पुढे तो माणूस लॉगिन झाला की जँगो आपणहून हॅश नव्या ताकदीने, ५.२ मध्ये १० लाख फेऱ्यांनी, पुन्हा साठवतं.

अलीकडचं वर्कझोइग मुळातच 'स्क्रिप्ट' नावाची हॅशची दुसरी पद्धत वापरतं आणि गंमत तिथे आहे. जँगोलाही स्क्रिप्ट येतं. त्याचा क्रम असा: पद्धत, एन, सॉल्ट, आर, पी, हॅश (एन, आर, पी हे मेहनत आणि मेमरी ठरवणारे आकडे). रूपांतर तितकंच सोपं, पण लॉगिन करताच 'मेमरी लिमिट एक्सीडेड' येतं. वर्कझोइग एन ३२७६८ आणि आर ८ घेतं, त्याला ३२ एमबीहून किंचित जास्त मेमरी लागते. जँगोच्या हॅशरमध्ये 'मॅक्समेम' शून्य आहे, म्हणजे ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीची स्वतःची ३२ एमबीची मर्यादा लागू होते, आणि थोडक्यासाठी गाडी अडते. हॅशरचा पोटक्लास काढा, त्यात 'मॅक्समेम' ६४ एमबी करा आणि 'पासवर्ड हॅशर्स'च्या यादीत मूळ स्क्रिप्ट हॅशरच्या जागी तो ठेवा. यादीत सगळ्यात वर पीबीकेडीएफ२ च राहू द्या, म्हणजे लोक जसजसे लॉगिन होतील तसतसे हे हॅश आपोआप संपत जातील.

सेशन मात्र वाचवता येत नाहीत. फ्लास्क ते सही केलेल्या कुकीत ठेवतं, जँगो डेटाबेसमध्ये. सगळे एकदा लॉगआउट होणार, ते आधी सांगून ठेवलं की झालं.

टेम्प्लेट

जिन्जा (फ्लास्कची टेम्प्लेट भाषा) आणि जँगोचं टेम्प्लेट भावंडांसारखी दिसतात, त्यामुळे नव्वद टक्के मजकूर तसाच चालेल असं वाटतं. बराचसा चालतोही. बाकीचा हाताने बदलावा लागतो. 'यूआरएल फॉर'च्या जागी 'यूआरएल' टॅग येतो, 'लूप डॉट इंडेक्स'च्या जागी 'फॉरलूप डॉट काउंटर', 'सुपर'च्या जागी 'ब्लॉक डॉट सुपर', आणि फॉर लूपमधल्या 'एल्स'ला 'एम्प्टी' म्हणायचं. 'सेट' नाही, त्याऐवजी 'विथ'. मॅक्रो नाहीत, त्यांच्या जागी 'इन्क्लूड' किंवा स्वतःचा इन्क्लूजन टॅग लिहायचा. फंक्शनला आर्ग्युमेंट देऊन हाक मारता येत नाही आणि डिक्शनरीतून व्हेरिएबलच्या नावाने किंमत काढता येत नाही. असलं गणित व्ह्यूमध्ये न्यावं लागतं. सुरुवातीला चीड येते, पण सहा महिन्यांनी टेम्प्लेट उघडणाऱ्याला बरं पडतं.

जँगोत जिन्जा चालू ठेवायची अधिकृत सोय आहे. दहा-बारा टेम्प्लेट असतील तर त्या वाटेला जाऊ नका. ॲडमिनला जँगोचं इंजिन लागतंच, म्हणजे दोन्ही सांभाळत बसायचं, आणि बाहेरच्या पॅकेजांचे टॅग जिन्जात चालत नाहीत. शेकडो मॅक्रो असलेल्या साइटचा हिशेब वेगळा.

पोस्ट पद्धतीने मजकूर पाठवणाऱ्या प्रत्येक फॉर्ममध्ये 'सीएसआरएफ टोकन' (दुसऱ्या साइटवरून खोटी विनंती येऊ न देणारी खूण) टाकायला विसरू नका. फ्लास्कमध्ये हे संरक्षण वेगळं लावल्याशिवाय नसतं, त्यामुळे जुन्या फॉर्ममध्ये त्याचा पत्ताच नसतो आणि जँगो थेट ४०३ (मनाई) दाखवतं.

देवनागरी पत्ते: गुण इथे गेला

फ्लास्कच्या राउटमध्ये साधा स्ट्रिंग कन्व्हर्टर तिरकी रेघ सोडून काहीही घेतो. त्यामुळे मराठी शीर्षकातल्या मोकळ्या जागांच्या जागी आडव्या रेघा घालून केलेले पत्ते त्यात सुखाने नांदत असतात. जँगोत त्याच पत्त्यांना चार दरवाजांवर अडवलं जातं.

पहिला दरवाजा 'स्लगिफाय', म्हणजे शीर्षकावरून स्लग (पत्त्यातला त्या लेखाचा तुकडा) बनवणारं फंक्शन. ते मुळात आस्कीच (इंग्रजी अक्षरं, अंक) ठेवतं, म्हणजे मराठी शीर्षकाचं उत्तर रिकामं. 'अलाऊ युनिकोड' चालू केलं की सुटलो असं वाटतं, पण मग काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त सगळं गळून पडतं. 'मराठी'चं 'मरठ' होतं, 'किल्ले'चं 'कलल', आणि 'पुणे'चं 'पण'. कारण पायथनच्या रेगेक्समध्ये (मजकुराचे नमुने शोधायच्या भाषेत) 'बॅकस्लॅश डब्ल्यू' फक्त अक्षरं आणि अंक धरतं. देवनागरीची मात्रा ही युनिकोडच्या हिशेबात जोडचिन्ह आहे, अक्षर नाही. प्रकरण नुसतं कुरूप दिसण्यावर थांबत नाही: 'काळा', 'कळी' आणि 'केळी' तिघांचाही स्लग 'कळ', म्हणजे युनिक रकान्यात टक्कर ठरलेली.

दुसरा दरवाजा 'स्लगफील्ड'. त्याची तपासणी त्याच रेगेक्सवर चालते, म्हणून तुम्ही हाताने अचूक मराठी स्लग टाकला तरी ॲडमिन तो नाकारतं. तिसरा, यूआरएलमधला 'स्लग' कन्व्हर्टर: तो फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि रेघा घेतो, बाकी सरळ ४०४. चौथा, ॲडमिनमधलं 'प्रीपॉप्युलेटेड फील्ड्स'. ते ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने चालतं आणि तिथेही मात्रा गळतातच.

म्हणून 'स्लगफील्ड' सोडून द्या. साधं 'कॅरफील्ड', युनिक, लांबी १५० किंवा २००. यूआरएलमध्ये 'एसटीआर' कन्व्हर्टर. स्लग बनवायचं काम स्वतःच्या सात-आठ ओळींच्या फंक्शनला द्या: 'युनिकोडडेटा' मोड्यूलने प्रत्येक चिन्हाचा वर्ग बघायचा, वर्गाचं पहिलं अक्षर एल, एम किंवा एन (अक्षर, जोडचिन्ह किंवा अंक) असेल तर ठेवायचं, मोकळी जागा असेल तर आडवी रेघ, बाकी सगळं टाकून द्यायचं. हे फंक्शन मॉडेलच्या 'सेव्ह'मध्ये बोलवा आणि स्लग रिकामा असेल तेव्हाच चालवा, म्हणजे शीर्षक सुधारलं तरी जुना पत्ता हलत नाही.

'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांना वेगळं सांभाळा. त्यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे अदृश्य झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायला सांगणारं चिन्ह). डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दोन वेगळे पत्ते दिसतात. आणि वरचं फंक्शन झेडडब्ल्यूजे टाकून देतं, कारण त्याचा वर्ग वेगळा आहे. स्लग करण्याआधी दुसऱ्या प्रकाराचं रूपांतर पहिल्यात करून घ्या. जुन्या पोस्टांचे स्लग मात्र जसेच्या तसे, बाइटला बाइट, कॉपी करा. तिथे शुद्धीकरणाचा उत्साह दाखवलात की शोधयंत्रातले जुने दुवे मेलेच म्हणून समजा.

शेवटच्या तिरक्या रेघेचंही तसंच. जँगोच्या उदाहरणांमध्ये प्रत्येक पत्त्याच्या शेवटी ती असते, फ्लास्कच्या साइटांवर बहुधा नसते. जुन्या पद्धतीप्रमाणेच लिहा, जँगोची काही हरकत नसते. रेघ नव्याने जोडलीत तर 'अपेंड स्लॅश' रीडायरेक्ट करून देतं, पण त्यात पोस्ट केलेला फॉर्मचा मजकूर हरवतो.

लाइव्ह जाताना

'डीबग' बंद केलं की जँगो सीएसएस आणि चित्रं वाढायचं थांबवतं. फ्लास्कची सवय असलेल्याला साइट उघडीबोडकी दिसते आणि धडकी भरते. 'कलेक्टस्टॅटिक' चालवून एनजिनएक्स या वेब सर्व्हरला गोळा झालेल्या फाइलींचं फोल्डर दाखवा, किंवा व्हाइटनॉइज हे पॅकेज लावा. फाइलनावात हॅश घालणारं मॅनिफेस्ट स्टोरेज वापरणार असाल तर सीएसएसमध्ये उल्लेख आहे पण फाइल नाही असा एखादा जुना फॉन्टसुद्धा 'कलेक्टस्टॅटिक' पाडतो. म्हणून ही तालीम स्वतःच्या लॅपटॉपवर 'डीबग' बंद ठेवूनच करा. लोकांनी अपलोड केलेली चित्रं वेगळी. ती 'मीडिया रूट'मध्ये जातात आणि व्हाइटनॉइज त्यांना हात लावत नाही.

'अलाऊड होस्ट्स' रिकामं राहिलं तर सगळीकडे ४०० (चुकीची विनंती). एनजिनएक्सच्या मागे एचटीटीपीएस असेल आणि लॉगिन करताना ४०३ येत असेल तर दोन सेटिंग बघा: 'सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर' आणि 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स'. दुसऱ्यात नुसतं डोमेन चालत नाही, ४.० पासून त्याच्या आधी 'एचटीटीपीएस' जोडावंच लागतं. एसक्यूलाइटवरच राहणार असाल तर डेटाबेसच्या ऑप्शन्समध्ये 'ट्रान्झॅक्शन मोड' 'इमिजिएट' करा आणि 'इनिट कमांड'मधून वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिणारी पद्धत) चालू करा. ५.१ पासून दोन्हीची सोय आहे, आणि 'डेटाबेस इज लॉक्ड'ची बहुतेक रड तिथेच मिटते. 'ॲटॉमिक रिक्वेस्ट्स'ही चालू करा. एसक्यूएलअल्केमीत शेवटी एकदाच कमिट व्हायचं, जँगोत प्रत्येक 'सेव्ह' लगेच पक्का होतो, आणि मधेच एरर आला तर अर्धवट नोंदी मागे राहतात.

बदलाच्या रात्रीचा क्रम: जुन्या साइटवर लिहिणं बंद, डेटाबेसची प्रत, कॉपीची कमांड, मग पत्त्यांची तपासणी. जुन्या ॲक्सेस लॉगमधून २०० (ठीक) उत्तर मिळालेले सगळे वेगळे पत्ते काढा आणि ते नव्या साइटवर चालवून बघा. 'फ्लास्क राउट्स'ची यादी एवढ्यासाठी पुरत नाही, तिच्यात साचे असतात, प्रत्यक्ष पत्ते नाहीत. सगळे २०० किंवा मुद्दाम ठेवलेले ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) आले की एनजिनएक्समध्ये सॉकेट बदलायचं. सर्व्हर तोच असेल तर डीएनएसला हात लावावा लागत नाही आणि माघार घ्यायची झाली तर एक ओळ उलटी फिरवली की झालं. मात्र नव्या साइटवर लोकांनी लिहायला सुरुवात केल्यावर ती वाट बंद होते, म्हणून पहिले दोन-तीन तास लिहिण्याची परवानगी फक्त संपादकांना द्या.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) 'क्लिअरसेशन्स' रोज एकदा चालेल असं लावून ठेवा, मुदत संपलेली सेशन जँगो आपणहून पुसत नाही. 'जुना' डेटाबेस आणि त्याचं वाचनापुरतं ॲप महिनाभर तरी काढू नका. एखाद्या लेखाची तारीख चुकल्याची किंवा टॅग गळाल्याची तक्रार सहसा उशिराच येते, आणि तेव्हा मूळ नोंद बघायला तीच जागा असते.